आभाळाला आधी कळतं का?

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक लाकडी फुली उभी आहे. मीटरभर रुंदीची चौकट आणि तिच्यावर २६ गेजच्या तांब्याच्या तारेचे साठ वेढे. तार मी सातपूरच्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून वजनावर आणली. नात वेढे मोजायला बसली होती. चाळीसच्या पुढे तिचा हिशोब चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजले. गल्लीतली पोरं त्याला ‘काकांचा पतंग’ म्हणतात. तो ॲंटेना आहे. त्याच्यातून खाली येणारी वायर माझ्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपच्या माइकच्या भोकात जाते, आणि लॅपटॉप दिवसरात्र एकच आवाज ऐकत बसतो, १८.२ किलोहर्ट्झचा.

हा आवाज तमिळनाडूतून येतो. तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम् इथे नौदलाचं मोठं प्रक्षेपण केंद्र आहे, पाण्याखालच्या पाणबुड्यांशी बोलायला बांधलेलं. इतक्या खालच्या लहरी जमीन आणि आभाळ यांच्यामधल्या पोकळीतून, नळातून पाणी जावं तशा जातात. नाशिक तिथून सुमारे साडेतेराशे किलोमीटर. वाटेत सांगली-साताऱ्याचं आकाश लागतं, म्हणजे भूकंपांचं कोयना फार लांब राहत नाही. या नळाचं वरचं छत म्हणजे आयनांबराचा, उन्हानं विद्युतभार चढलेल्या वरच्या हवेचा, सगळ्यात खालचा थर, ज्याला आम्ही रेडिओवाले ‘डी लेअर’ म्हणतो. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा. छत हललं की आवाज बदलतो. मी ऐकतो ते खरं तर हे छत, भूकंपाची चाहूल त्याला आधी लागते का ते बघायला.

अशोकस्तंभाजवळ माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. चौतीस वर्षं चालवलं, २०१९ मध्ये बंद केलं. गिऱ्हाइकं विचारायची, रात्री मीडियम वेव्हवर लांबलांबची स्टेशनं का घुसतात? तेव्हापासून हे समजावून सांगायची सवय आहे. दिवसा उन्हामुळे डी थर तयार होतो आणि मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर बराचसा विरतो, लहरी आणखी वर जाऊन वरच्या थरावर आपटून परत येतात, आणि मग लाहोर नि कोलंबो तुमच्या ओसरीवर.

पण लाकडी फुली बांधली ती गिऱ्हाइकांसाठी नाही. आत्यासाठी.

माझी आत्या, वडिलांची सगळ्यात धाकटी बहीण, लग्न होऊन सास्तूरला गेली. किल्लारीपासून जवळच. २९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून गाव उशिरा झोपलं. ३०च्या पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. त्या भागातली घरं दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फुटी भिंतींची, वर मातीनं भरलेलं माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारं ते घर त्या रात्री झोपलेल्या माणसांवर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आत्याची सासू गेली आणि अकरावीतली लेक गेली.

आम्ही नाशिकहून टेम्पो भरून निघालो, घोंगड्या, पीठ, स्टोव्ह, मेणबत्त्या. तिथे पाऊस लागला होता. आत्या पत्र्याच्या आडोशाला बसली होती. मांडीवर माझ्याच दुकानातून तिला दिलेला ट्रान्झिस्टर. ढिगाऱ्यातून काढलेला, एक कोपरा चेपलेला, जाळीत माती. मी मागचं झाकण उघडून माती झटकली, सेल बदलले, तो लागला. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, “रात्री ह्याच्यात लई खरखर होती रं. ह्याला आधी कळालं आसंल का?”

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो आणि रेडिओतलं आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायचं.

त्यानंतर या विषयावर हाताला लागेल ते वाचत आलो. जे नक्की आहे ते आधी सांगतो, कारण ते मला अजूनही थक्क करतं. भूकंप झाल्यानंतर आभाळाला कळतं, यात शंका नाही. जमीन वरखाली होते तेव्हा ती वरच्या हवेला धक्का देते. हवेची ही लाट वर चढत जाते. वर हवा विरळ, म्हणून लाटेची उंची वाढत जाते, आणि आठ-दहा मिनिटांत तीनशे किलोमीटरवरच्या आयनांबरात ती हजारो पटींनी मोठी होऊन पोचते. ११ मार्च २०११ला जपानच्या तोहोकूला ९ तीव्रतेचा भूकंप झाला. जपानभर जीपीएसची बाराशेच्या वर स्टेशनं आहेत. त्यांच्या नोंदींवरून लोकांनी आभाळातली ती लाट नकाशावर काढली. तळ्यात दगड टाकल्यावर उठतात तशी वर्तुळं, इलेक्ट्रॉनांच्या समुद्रात.

हे मोजतात कसं, तर जीपीएसचा उपग्रह एकाच वेळी दोन फ्रीक्वेन्सी सोडतो, १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ. वाटेत जितके जास्त इलेक्ट्रॉन, तितकी खालची फ्रीक्वेन्सी वरचीपेक्षा जास्त रखडते. दोघींच्या पोचण्यातला फरक म्हणजे वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची मोजणी. घाटात एकाच वेळी निघालेला ट्रक आणि मोटारसायकल किती अंतरानं कसाऱ्याला पोचले यावरून घाटातली गर्दी ओळखावी तसं.

आता आत्याचा प्रश्न. आधी कळतं का?

होक्काइदो विद्यापीठाच्या कोसुके हेकी यांनी त्याच वर्षी तोहोकूच्या नोंदी मागे नेऊन पाहिल्या आणि म्हणाले, भूकंपाच्या सुमारे चाळीस मिनिटं आधीपासून त्या भागावर इलेक्ट्रॉन वाढत गेलेले दिसतात. चाळीस मिनिटं! मी हे वाचलं तेव्हा उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. चाळीस मिनिटांत सास्तूरचं प्रत्येक माणूस माळवदाखालून अंगणात आलं असतं. पण लगेच दुसऱ्या अभ्यासकांनी बोट ठेवलं. भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर त्या भागात इलेक्ट्रॉन कमी झाले होते. आधीची आणि नंतरची रेघ जोडून ‘नेहमीची पातळी’ ठरवली, तर नंतरच्या खड्ड्यामुळे ती पातळीच खाली ओढली जाते, आणि आधीचा भाग उगाच उंच दिसतो. पट्टी तिरकी धरली की सरळ भिंतही कललेली दिसते. हेकींनी उत्तरं दिली, वाद चालू राहिला. माझं मत विचाराल तर आक्षेप मला जड वाटतात, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं.

माझ्या गच्चीशी सगळ्यात जवळचं उदाहरण कोबेचं. १७ जानेवारी १९९५चा भूकंप. त्या वेळी जपानच्या त्सुशिमा बेटावरून ओमेगा नावाच्या, जहाजं-विमानांना वाट दाखवणाऱ्या यंत्रणेचा १०.२ किलोहर्ट्झचा सिग्नल निघायचा आणि हजारेक किलोमीटरवरच्या इनुबो इथे ऐकला जायचा. कोबे त्या वाटेच्या जवळच होतं. अशा सिग्नलला रोज सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला एक खळगा पडतो, कारण त्या वेळी वाटेतलं छत अर्धं दिवसाचं, अर्धं रात्रीचं असतं. हायाकावा आणि मोल्चानोव्ह या अभ्यासकांना दिसलं की भूकंपाच्या दोन-तीन दिवस आधी हे खळगे सरकले होते. सकाळचा लवकर, संध्याकाळचा उशिरा. जणू आभाळाच्या लेखी दिवस लांबला होता, म्हणजे छत खाली आलं होतं. हे वाचून मी फुली बांधायला घेतली. माझ्या लॅपटॉपवर त्या आवाजाच्या जोराची रेघ उमटते, तिच्यातही रोज पहाटे तो खळगा पडतो. पहिल्यांदा पडला तेव्हा उजाडायचं होतं, काळारामाच्या काकडआरतीला निघालेल्या बायका रस्त्यावर होत्या, आणि स्क्रीनवर रेघ हळूच खाली उतरून परत वर आली. सूर्य तिकडे वर, साठ-सत्तर किलोमीटरवर, आपल्या आधी उगवलेला होता.

जमिनीखालचा ताण वर आभाळापर्यंत पोचेल कसा, याचं एक उत्तर रेडॉन वायूत शोधतात. खडकात थोडं युरेनियम असतंच, त्याच्या विघटनातून रेडॉन होतो. खडकाला बारीक चिरा पडल्या की तो जास्त सुटतो. त्याचं अर्धं आयुष्य ३.८ दिवसांचं, तेवढ्या वेळात तो हवेतल्या कणांवर विद्युतभार चढवतो, त्या कणांवर वाफ धरते, वाफ धरताना उष्णता सुटते, जमिनीलगतच्या हवेची वीज वाहण्याची ताकद बदलते, आणि हा बदल वर आयनांबरापर्यंत कळवला जातो. पुलिनेत्स आणि उझुनोव्ह यांनी ही सगळी साखळी एकत्र मांडली. दुसरं उत्तर फ्रीडमान फ्रॉइंड यांचं: ताण पडलेला अग्निजन्य खडक स्वतःच धन भार सोडतो. आपला सह्याद्रीचा काळा बसाल्ट अग्निजन्यच, त्यामुळे मला याचं विशेष कुतूहल. भूजच्या २६ जानेवारी २००१च्या भूकंपाआधी उपग्रहांच्या चित्रांत जमीन तापलेली दिसली, असंही आपल्या रुरकीच्या अभ्यासकांनी मांडलं. साखळीतली एकेक कडी पटण्यासारखी आहे. सगळ्या कड्या एकाच भूकंपाआधी, एकाच जागी, आधी सांगून दाखवलेल्या अजून नाहीत.

फ्रान्सनं २००४ मध्ये डेमेटर नावाचा उपग्रह मुद्दाम यासाठीच सोडला. साडेसहा वर्षं तो फिरला. हजारो भूकंपांच्या नोंदी एकावर एक ठेवल्यावर एक गोष्ट दिसली. उथळ, मोठ्या भूकंपांच्या आधीच्या चार तासांत, रात्रीच्या वेळी, १.७ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी थोड्या मंदावतात. थोड्याच. हजारांची बेरीज केली तर दिसतात, एका भूकंपापुरतं बघितलं तर रोजच्या चढउतारात हरवून जातात. चीननं इटलीच्या साथीनं २ फेब्रुवारी २०१८ला झांगहंग-१ सोडला. इसवी सन १३२ मध्ये पहिलं भूकंपदर्शक यंत्र करणाऱ्या माणसाचं नाव त्याला दिलं आहे. म्हणजे शोध थांबलेला नाही, आणि शोधणारे वेडे नाहीत.

रोजचा चढउतार मात्र फार मोठा आहे, आणि आपल्याकडे तर जास्तच. भूचुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. १९६३ मध्ये थुंब्याला अग्निबाण केंद्र काढलं ते त्याचसाठी. तिथे दिवसा आयनांबर कारंज्यासारखं वर उसळतं आणि दोन्ही बाजूंना ओततं. उत्तरेकडची ओत साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात पडते. आपण त्या उताराखालीच राहतो. त्यात सूर्याचे डाग, चुंबकीय वादळं, पावसाळ्यातल्या विजा. १० मे २०२४च्या चुंबकीय वादळात लडाखला हान्लेच्या आकाशात तांबूस प्रकाश दिसला. त्या दोन दिवसांची माझी रेघ बघून कुणीही म्हणेल, आता काहीतरी होणार. काही झालं नाही.

आणि आता जे सांगायला मी हे लिहायला बसलो ते.

७ जुलै २०२४, रविवार. रात्री अकरानंतर माझी रेघ उचलली गेली आणि थरथरायला लागली, पहाटे चारच्या सुमाराला खाली बसली. सोमवारी रात्री पुन्हा तसंच. सूर्य शांत आहे का ते पाहिलं, त्या तासांत सूर्यावर नाव घेण्यासारखं काही नव्हतं. माझ्या डोक्यात कोबेचे खळगे. एकतीस वर्षांपूर्वीची खरखर. मी आणखी काहीही न तपासता आत्याच्या मुलाला फोन केला. म्हणालो, “नक्की नाही, पण दोन-चार दिवस बाहेर झोपलात तर बरं.”

त्यांनी ऐकलं. किल्लारी बघितलेलं घर ते, असं काही दोनदा सांगावं लागत नाही. ऐंशी वर्षांची आत्या जुलैच्या पावसाळी वाऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये खाटेवर झोपली. दोन रात्री.

१० जुलैच्या सकाळी सव्वासातच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात ४.५चा धक्का बसला. परभणी, नांदेडपर्यंत जाणवला. आठ वाजता भावाचा फोन. आवाज कापत होता. “दादा, तू सांगितलं होतंस!” दुपारपर्यंत त्या भागातले चार-पाच जण माझा नंबर मागून बोलले. एकानं विचारलं, पुढचा कधी? मी फोनवर गप्प झालो. खरं सांगतो, त्या दिवशी मला आनंद झाला होता. आपल्या हाताला काहीतरी लागलं, असं वाटत होतं.

गुरुवारी संध्याकाळी आत्याला ताप भरल्याचं कळलं. मग मात्र मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. रात्री साडेअकराला गच्चीवर गेलो. तार गुंडाळलेली चौकट ही दिशा ओळखते. कड सिग्नलकडे असेल तर पूर्ण ऐकते, सपाट बाजू, म्हणजे तोंड, सिग्नलकडे केलं तर तिला तो ऐकूच येत नाही. मी फुली हातानं फिरवली आणि तिचं तोंड दक्षिणेकडे, विजयनारायणम्‌कडे केलं. खाली येऊन पाहिलं. १८.२ची रेघ गेली होती. थरथर तशीच होती.

म्हणजे ती आभाळातून येत नव्हती. मग जुना पॉकेट ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे ठेवून कानाशी धरला आणि जिन्यानं खाली, अंगणात, कंपाउंडच्या कडेकडेनं चालत गेलो. शेजाऱ्यांच्या पार्किंगपाशी खरखर इतकी वाढली की कान दुखला. त्यांनी त्याच रविवारी बॅटरीची स्कूटर घरी आणली होती. रात्री अकराला चार्जिंगला लावायचे, पहाटे बॅटरी भरली की चार्जर आपोआप बंद. मी त्यांना उठवून प्लग काढायला लावला. खरखर तिथल्या तिथे थांबली.

पार्किंगमध्ये मी बराच वेळ उभा होतो. कॅलिफोर्नियाच्या लोमा प्रिएटा भूकंपाची गोष्ट मला पाठ होती. १७ ऑक्टोबर १९८९चा भूकंप, केंद्रापासून सातच किलोमीटरवर स्टॅनफर्डच्या लोकांचं चुंबकीय उपकरण, आणि भूकंपाच्या तीन तास आधी त्यात मोठी वाढ. वीस वर्षं तो सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून सांगितला गेला, नंतर काही अभ्यासकांनी म्हटलं की उपकरणातच बिघाड असावा. आणि आपल्या घरची गोष्ट तर त्याहून जुनी. मुंबईला ट्रामला वीज लागणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी आधी आवाज बाजूला केला, मग ऐकायला बसले. हे सगळं माहीत असून मी फोन उचलला होता.

भावाला सकाळी फोन करून सांगितलं. त्याला ते पटेना. “पण भूकंप तर झाला ना?” झाला. मराठवाड्यात हिंगोलीच्या बाजूला अधूनमधून धक्के बसतात, त्याच वर्षी मार्चमध्येही बसला होता. मी कुठल्याही आठवड्यात फोन केला असता तर पंधरा-वीस दिवसांत दाखवायला काहीतरी सापडलं असतं. ज्यांनी माझा नंबर मागितला होता त्या सगळ्यांना मी एकेक करून फोन केले. दोघांनी ऐकून घेतलं. एक जण म्हणाला, “काका, तुम्ही नम्रपणानं म्हणताय.” त्याला मी तीनदा चार्जर समजावला.

आत्याच्या खरखरीबद्दलही मला आता काय वाटतं ते लिहून ठेवतो. सप्टेंबरचा शेवट, मराठवाड्यात परतीच्या पावसाचे दिवस. लांब कुठे वीज चमकली तरी मीडियम वेव्हवर कडकड ऐकू येते. खरखर असणार, आदल्या दिवशीही असणार. पण आदल्या दिवशीची कुणाला लक्षात ठेवावी लागली नाही. किल्लारीला खरी सूचना जमिनीनंच दिली होती. १९९२ मध्ये तिथे महिनोन्‌महिने धक्के बसत होते, गडगडाट ऐकू यायचा, लोक घाबरून बाहेर झोपायचे. मग धक्के थांबले, लोक घरात आले. त्या भिंती तशाच राहिल्या.

दिवाळीत सास्तूरला गेलो. आत्याचं घर पुनर्वसनातलं, ठीक आहे. पण भावानं मागे गुरांसाठी म्हणून एक खोली काढली होती, जुन्या गावठाणातल्या दगडांची, मातीत रचलेली, आणि हल्ली आत्या दुपारी गारव्याला तिथेच आडवी व्हायची. मी त्याला शेडखाली बसवून बोललो, तो चिडला, मग गवंडी आणला. आठ दिवसांत भिंत उतरवली. आता तिथे चारी बाजूंनी सळयांचा पट्टा बांधून हलकी भिंत आणि पत्रा आहे. दुपारी तापतो, आत्या कुरकुर करते.

निघायच्या सकाळी तिच्या फळीवर तो ट्रान्झिस्टर दिसला. कोपरा तसाच चेपलेला. खाली पडू नये म्हणून तिनं फळीच्या कडेला पातळ पट्टी ठोकून घेतली आहे.

“तुझा पतंग काय म्हनतो?” तिनं विचारलं.

“काही म्हणत नाही, आत्या. ऐकतोय अजून.”

“ऐक,” ती म्हणाली, आणि सातच्या बातम्यांसाठी बटण फिरवलं.